नवीन कॉम्पॅक्ट पिस्तूल घेतलंय? आता ते वापरायचं कसं आणि सांभाळायचं कसं ते बघू

लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल असं नवीन माणसाला वाटतं आणि नेमकं तिथंच गणित चुकतं. नळी आखूड, वजन कमी, मुठीला धरायला जागा कमी, नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, म्हणजे साइटमधलं, अंतर कमी, त्यामुळे हात जरासा हलला तरी गोळी बरीच बाजूला जाते आणि धक्काही जास्त जाणवतो. वर हे पिस्तूल अंगावर राहणारं, म्हणजे घाम, धूळ, कापडाचे तंतू सगळं त्याच्याच वाट्याला येतं. म्हणून लहान पिस्तुलाला मोठ्यापेक्षा जास्त शिस्त लागते, आणि त्या शिस्तीचा पाया एकच आहे, ते रिकामं आहे की भरलेलं हे दरवेळी स्वतः बघणं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका सवयीवर उभं आहे.

आधी कायद्याचं. परवाना, सोबत बाळगायची परवानगी, कुठे नेता येतं कुठे नाही, घरात कसं ठेवायचं, कुठल्या काडतुसांना बंदी आहे, हे प्रत्येक देशात वेगळं असतं आणि काही देशांत तर राज्यागणिक बदलतं. हे दुकानदाराच्या किंवा मित्राच्या तोंडून ऐकून चालवू नका, लिखित नियम स्वतः वाचा आणि पिस्तूल ताब्यात घ्यायच्या आधी वाचा.

चार नियम, पाठच करा

हे नियम ज्या रूपात आज जगभर शिकवतात ते जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केले. एक, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून वागायचं. दोन, जे नष्ट झालेलं चालणार नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीच जाऊ द्यायचं नाही. तीन, साइट टार्गेटवर आल्याशिवाय बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही, तोपर्यंत ते सरळ, फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या मुख्य सांगाड्याच्या, बाजूला टेकलेलं. चार, टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय झाडायचं नाही. यातली गंमत अशी की एका वेळी एकच नियम मोडला तर बहुतेक वेळा कुणाला इजा होत नाही, दोन एकदम मोडले की होते. लहान पिस्तुलात दुसरा नियम जास्त सांभाळावा लागतो कारण नळी इतकी आखूड असते की मनगट जरा वळलं तरी तोंड स्वतःच्याच डाव्या हाताकडे किंवा मांडीकडे जातं आणि लक्षातही येत नाही.

पायरी पहिली : रिकामं करणं

हे सगळ्यात आधी शिका, झाडायच्याही आधी. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, काढा. मग स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढा, चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाला झाडायचं काडतूस बसतं ती जागा) काडतूस बाहेर पडेल, स्लाइड मागेच लॉक करा. आता चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा, मॅगझिनच्या पोकळीतही बघा. एकदा बघून झालं की नजर दुसरीकडे नेऊन परत एकदा बघा.

क्रम का महत्त्वाचा ते सांगतो. समजा मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली. चेंबरमधलं काडतूस उडालं, डोळ्यांना दिसलं, मनाला वाटलं झालं रिकामं. पण स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकललेलं असतं. त्यानंतर तुम्ही मॅगझिन काढता, हातात रिकाम्यासारखं दिसणारं पिस्तूल राहतं आणि आत एक गोळी असते. ‘रिकामं होतं’ म्हणून झालेल्या अपघातांमध्ये हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर ट्रिगर चालत नाही अशी सोय असते, पण बऱ्याच पिस्तुलांत नसते, आणि असली तरी तिच्यावर भिस्त ठेवायची नाही.

कुणाच्या हातात देताना स्लाइड उघडी ठेवून द्या, घेताना समोरच्याने तुमच्यासमोर तपासलेलं असलं तरी स्वतः परत तपासा. यात कुणाचा अपमान होत नाही, उलट जाणता माणूस तुम्ही तपासलं नाही तर नाराज होतो.

हातातलं पिस्तूल ओळखा

ग्लॉक १९ हे १९८८ सालचं पिस्तूल, आकाराने ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात ते साधारण हेच, ९ एमएम, १५ काडतुसांचं मॅगझिन, रिकामं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. त्याहून लहान सिग पी३६५, २०१८ मध्ये आलं, वजन जेमतेम ५०० ग्रॅम आणि तरी छोट्या मॅगझिनमध्ये १० काडतुसं, त्यानंतर बाकी कंपन्याही त्याच मापाच्या मागे लागल्या. ही स्ट्रायकरवाली पिस्तुलं, म्हणजे बाहेर हॅमर (ठोका देणारा घोडा) नाही, काडतुसावर ठोका देणारा स्ट्रायकर आतच असतो. यातल्या पुष्कळ मॉडेलना हाताने लावायची सेफ्टी नसते, आतल्या सेफ्ट्या ट्रिगर दाबला की आपोआप सुटतात. म्हणजे ट्रिगरवर बोट पडो की शर्टाची दोरी अडको, पिस्तुलाला फरक कळत नाही. वॉल्थर पीपीकेसारखी जुनी डिझाइन, जी १९३१ पासून आहे, तिच्यात हॅमर आहे, सेफ्टी आहे, पण नळी लॉक होत नाही, सगळा जोर स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर, त्यामुळे काडतूस तुलनेने हलकं असूनही स्लाइड ओढायला कडक आणि धक्का टोचरा. आणखी एक, अगदी जुन्या काही पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) अडवणारी व्यवस्थाच नसते, खाली पडली तर गोळी सुटू शकते, अशी पिस्तुलं चेंबर भरून बाळगू नयेत.

पडण्यावरून आठवलं. पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. आधुनिक पिस्तुलं पडल्यावर सुटू नयेत अशीच बनवलेली असतात, झेलायच्या धडपडीत बोट ट्रिगरमध्ये जाणं हा त्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. मनाला हे पटवून ठेवावं लागतं कारण शरीर आपोआप झेलायला जातं.

स्लाइड ओढायची पद्धत बऱ्याच जणांना जमत नाही आणि मग ताकद नाही असं वाटतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढू नका, अख्खा तळहात वरून टाकून स्लाइडचा मागचा भाग पकडा, हात छातीजवळ घ्या, पण नळी समोर सुरक्षित दिशेलाच, आणि एका हाताने स्लाइड मागे ओढताना दुसऱ्या हाताने फ्रेम पुढे ढकला. भरताना स्लाइड हाताने धरून पुढे नेऊ नका, पूर्ण मागे ओढून सोडून द्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या.

होल्स्टर

पिस्तुलाइतकाच विचार होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानावर, करा. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, पूर्ण झाकलेला पाहिजे, बाहेरून दाबलं तरी ट्रिगरला स्पर्श होता कामा नये, पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे आणि ते तुमच्या मॉडेलच्याच मापाचं पाहिजे. कायडेक्स नावाच्या प्लॅस्टिकचं कडक होल्स्टर नवीन माणसासाठी बरं. चामड्याचं चांगलं असतं पण जुनं झालं की कड मऊ पडते आणि दुमडून ट्रिगर गार्डमध्ये जाऊ शकते, ती कड दर काही दिवसांनी बोटाने दाबून बघा. नुसतं कमरेत खोचणं, बॅगेत किल्ल्यांबरोबर टाकणं, खिशात होल्स्टरशिवाय ठेवणं, हे तिन्ही पूर्ण बंद.

काढण्यापेक्षा परत ठेवताना अपघात जास्त होतात, म्हणून ठेवायची कधीच घाई नाही. बोट सरळ, शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण वर, होल्स्टरमध्ये डोळ्यांनी बघायचं, हॅमर असेल तर अंगठा त्यावर टेकवायचा आणि मग हळू सरकवायचं. कुठे अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढा, काय अडलं ते बघा. जॅकेटच्या दोरीच्या टोकाला जो प्लॅस्टिकचा मणी असतो तो ट्रिगर गार्डमध्ये बरोब्बर बसतो, अशा दोऱ्या कापूनच टाका. आणि शक्य असेल तेव्हा रात्री काढताना पिस्तूल होल्स्टरसकटच काढा, म्हणजे हाताळणी कमी.

रेंजवर

कानाचं आणि डोळ्याचं संरक्षण पहिल्या गोळीपासून. बंदुकीचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या पुढे एकाच झटक्यात कान कायमचा बिघडू शकतो, आखूड नळीचा दणका आणखी बोचतो, बंदिस्त रेंजमध्ये (नेमबाजीच्या जागेत) तर कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही घाला.

बाळगायला सुरुवात करायच्या आधी त्या पिस्तुलातून निदान २०० एक सरावाची काडतुसं झाडून बघा, प्रत्येक मॅगझिन वापरून, आणि जी काडतुसं रोज भरून ठेवणार आहात त्यांची निदान एखादी पेटी तरी. लहान पिस्तुलं काडतुसांच्या बाबतीत नखरेल असतात, एका बनावटीची गोळी सुरळीत जाते दुसरी रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर, अडते, हे आधी कळलेलं बरं. पकड ढिली असेल तरीही अडकतं, कारण फ्रेमच मागे गेली तर स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही, तेव्हा दर दुसऱ्या गोळीला अडकत असेल तर पिस्तुलाला नावं ठेवण्याआधी अनुभवी माणसाच्या हातात देऊन बघा.

दोन प्रसंग ओळखायला शिका. ट्रिगर दाबला, ‘टक’ झालं, गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद तसंच थांबा, कधीकधी दारू उशिरा पेटते. दुसरा प्रसंग जास्त वाईट, आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, फुसकन, धक्का जवळजवळ नाहीच. थांबा, लगेच. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. पिस्तूल रिकामं करा, भाग सुटे करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे.

घरी आल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, तोंडाला हात लावायच्या आधी. प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी टोपी) आणि गोळीत शिसं असतं, ते हातावर, केसांवर, कपड्यांवर बसतं, आणि घरात लहान मूल असेल तर ते कपडे बदलल्याशिवाय त्याला जवळ घेऊ नका.

साफसफाई, सावकाश

दर रेंजनंतर एकदा पूर्ण. आणि झाडलं नाही तरी महिन्यातून एकदा तरी उघडून पुसणं, कारण बाळगलेल्या पिस्तुलात दारूच्या काजळीपेक्षा कापडाचा कचराच जास्त सापडतो. कधी टॉर्च मारून बघा, मागच्या साइटच्या कोपऱ्यात, ट्रिगरच्या मागच्या फटीत, मॅगझिनच्या वरच्या काडतुसावर राखाडी रंगाची लव बसलेली दिसेल, आणि तिथे तेल जास्त झालं असेल तर तीच लव ओली होऊन पेस्टसारखी झालेली असते.

सुरुवात अशी करा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत, टेबलावर एकही नको. मग वर सांगितल्याप्रमाणे रिकामं करून दोनदा तपासा. इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा, ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत स्लाइड उतरवण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणजे चेंबर तपासायचं राहून गेलं तर साफ करताना गोळी सुटते, आणि असे अपघात झालेले आहेत. भिंत, टीव्ही, पाय काहीही समोर नसलेल्या सुरक्षित दिशेलाच तो ट्रिगर दाबायचा.

सुटे केल्यावर चार तुकडे हातात येतात, स्लाइड, नळी, स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग आणि फ्रेम. यापुढे खोलू नका, मॅन्युअलमध्ये मालकाने खोलायचं एवढंच असतं. पहिल्यांदा करताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि चष्मा घाला कारण ती स्प्रिंग उडते.

नळीत सॉल्व्हंटचा (काजळी विरघळवणाऱ्या द्रवाचा) ओला बोळा चेंबरच्या बाजूने घाला, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ब्रॉन्झचा ब्रश पूर्ण आरपार न्या, अर्ध्यात उलटा फिरवू नका, मग कोरडे बोळे, स्वच्छ निघेपर्यंत. चेंबर आणि त्याच्या पायथ्याशी असलेला उतार, ज्यावरून गोळी वर चढते, तो बोटाला गुळगुळीत लागला पाहिजे. मग स्लाइड. पुढचं तोंड खाली करून धरा म्हणजे सॉल्व्हंट स्ट्रायकरच्या भोकात उतरत नाही, आणि नायलॉनच्या ब्रशने काडतुसाचा बुडखा जिथे टेकतो तो भाग घासा. तिथे बाजूला जी बारीक आकडी दिसते ती एक्स्ट्रॅक्टर, झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टोपण (मागे उरलेलं कवच) ओढून काढणारी. तिच्या नखाखाली काळा कडक थर साचतो, पितळेचा चुराही असतो, टूथपिकने तो निघतो आणि निघाला की लख्ख दिसतं की टोपणं का अडकत होती. फ्रेम फक्त पुसायची. पेट्रोल, घरातली क्लीनिंगची द्रव्यं वापरू नका, आणि पिस्तुलाला निकेलचं प्लेटिंग असेल तर अमोनियावाला सॉल्व्हंट लावू नका. खिडकी उघडी ठेवा.

आता तेल, आणि इथे हात आखडता घ्या. स्लाइडच्या खाचांना प्रत्येकी एक थेंब पसरवून, नळीच्या बाहेरच्या अंगाला जिथे घासून चकचकीत झालंय तिथे पुसटसं, आणि मॅन्युअलमध्ये ट्रिगरच्या भागाला सांगितलं असेल तर तिथे थेंबभर. स्ट्रायकरच्या पोकळीत तेल नाही, कारण ते गोठून किंवा कचरा धरून स्ट्रायकरचा ठोका मऊ करतं. मॅगझिनच्या आत तेल नाही, काडतुसांवर तर नाहीच, प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस मरतं. बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, विशेषतः अंगाला लागणाऱ्या बाजूला, आणि स्टेनलेस आहे म्हणून सोडून देऊ नका, घामाने तेही गंजतं.

जोडल्यावर स्लाइड दोन-तीनदा ओढा, परत रिकामं तपासा, सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबून धरा, तसाच धरून स्लाइड ओढून सोडा, मग ट्रिगर हळू सोडला की ‘टिक’ असा रिसेट जाणवला पाहिजे. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली तर ती मागे अडकून राहिली पाहिजे. या दोनपैकी एक जरी गोष्ट झाली नाही तर भरू नका. मग आणखी एक सवय, साफसफाई संपली आणि काडतुसं भरली की त्या दिवशी ट्रिगर दाबायचं प्रकरण बंद, ‘एकदा शेवटचं बघू’ म्हणून परत दाबायचं नाही. रिकाम्या सरावालाही हेच लागू. बहुतेक आधुनिक ९ एमएम पिस्तुलांना रिकामा ट्रिगर दाबल्याने काही होत नाही, .२२ रिमफायरला (जिथे ठोका काडतुसाच्या बुडाच्या काठावर बसतो) मात्र होतं, तिथे डमी काडतूस लागतं.

काडतुसं आणि झिजणारे भाग

रोज रात्री रिकामं करून रोज सकाळी तेच काडतूस चेंबरमध्ये चढवणारे लोक खूप आहेत. दर वेळी गोळीचं टोक उतारावर आपटतं आणि हळूहळू आत दाबलं जातं. पेटीतलं नवं काडतूस आणि हे जुनं टेबलावर शेजारी उभं करा, जुनं बुटकं दिसलं तर ते परत वापरू नका, कारण ९ एमएमच्या लहान टोपणात जागा थोडी जरी कमी झाली तरी दाब बराच वाढतो. उपाय साधा, वरचं काडतूस आलटून पालटून बदला, किंवा मुळात विनाकारण भरणं-रिकामं करणंच कमी करा.

बाळगायची काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर झाडून संपवा आणि नवी भरा. प्लस पी लिहिलेली जास्त दाबाची काडतुसं मॅन्युअल परवानगी देत असेल तरच, आणि दिली असली तरी कमी, लहान पिस्तुलाची झीज त्याने लवकर होते.

रिकॉइल स्प्रिंग हा लहान पिस्तुलाचा सगळ्यात कष्टकरी भाग. जागा कमी असल्याने ती जास्त दाबली जाते आणि मोठ्या पिस्तुलातल्यापेक्षा लवकर थकते. किती गोळ्यांनी बदलायची ते कंपनी सांगते, बहुतेक वेळा हा आकडा काही हजारांत असतो, म्हणून झाडलेल्या गोळ्यांची नोंद ठेवा, पेटीच्या झाकणावर लिहिलंत तरी चालेल. स्लाइड शेवटी पूर्ण बंद होत नाही किंवा टोपणं पूर्वीपेक्षा लांब उडतात असं दिसलं तर आकड्याची वाट बघू नका.

मॅगझिनवर मार्करने १, २, ३ आकडे टाका. अडकणं नेहमी २ नंबरमध्येच होतंय असं कळलं की दोष पिस्तुलात नाही हे लगेच समजतं. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीती फारशी खरी नाही, ती जास्त झिजते पुन्हा पुन्हा भरण्या-रिकामं करण्याने. वरच्या पत्र्याच्या कडा वाकल्या असतील तर पकडीने सरळ करत बसू नका, ते सरावाला ठेवा, बाळगायला नवं घ्या. साइटवर अंधारात चमकायला ट्रिटियम (एक किरणोत्सारी वायू) असेल तर त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे दहा-बारा वर्षांनी उजेड निम्म्यावर येणारच. रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट, असेल तर बॅटरी ठरलेल्या तारखेला बदला आणि स्क्रूवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते.

घरात ठेवणं

अंगावर नसेल तेव्हा कुलपात. उशीखाली नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, कारण मुलांना ती जागा तुमच्या आधी माहीत असते. रिकामं, कुलूपबंद, काडतुसं वेगळ्या कुलपात, हे सगळ्यात सुरक्षित. ज्याला झटकन हाताशी लागतं त्याने बोटाच्या ठशाची किंवा आकड्याची छोटी तिजोरी घ्यावी आणि ती भिंतीला किंवा पलंगाला पक्की बोल्ट करावी. तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, चामड्यात ओल आणि कमावताना वापरलेली द्रव्यं राहतात, गंज आतून चढतो.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला लोक कचरतात. घरातलं कुणीही, तुम्ही स्वतःसुद्धा, खूप खचलेलं असेल, जगणं नको असं बोलत असेल, दारूच्या आहारी गेलं असेल, तर पिस्तूल काही दिवस घराबाहेर ठेवायची कायदेशीर सोय करा, परवानाधारक विक्रेता, रेंज, पोलीस, जिथे तुमच्याकडे मुभा असेल तिथे. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, पण त्या वेळात हाताशी बंदूक असेल तर परत फिरायला जागा राहत नाही. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा, किल्ली किंवा आकडा अशा वेळी कुणाकडे जाईल तेही ठरवा.

पिस्तुलाचा नंबर, परवान्याची प्रत, खरेदीची पावती आणि गोळ्यांची नोंद एका पाकिटात, पिस्तुलापासून वेगळ्या जागी ठेवा. चोरी झाली तर तक्रार देताना पहिल्यांदा नंबरच विचारतात. आणि वर्षातून एकदा गनस्मिथला दाखवा, एक्स्ट्रॅक्टर, स्ट्रायकरची स्प्रिंग आणि फायरिंग पिन अडवणारा तुकडा एवढं खास बघायला सांगा, ते घरी उघडायचे भाग नाहीत.